ताट बायकोचं, नाव नवऱ्याचं

भिंगने आयुष्यात केलेली सगळ्यात मोठी लबाडी तळलेल्या बटाट्यांसाठी केली. तेवढ्यावर भागलं असतं तर ही गोष्ट सांगण्यासारखी नव्हती. तळलेल्या बटाट्यांसाठी माणसं याहून वाईट वागलेली आहेत. पण या लबाडीपायी त्याची बायको हातची जाता जाता वाचली, आणि ज्या बाईंना फसवायला निघाला त्यांचे आभार मानता मानता त्याची जीभ आता झिजायला आली आहे. म्हणून सांगायची.

भिंग हे काही त्याचं खरं नाव नव्हे. विमा कंपनीत गाड्यांच्या नुकसानीचे दावे तपासणं हा त्याचा धंदा. लोक ठोकलेल्या गाडीचे फोटो पाठवतात आणि हा ते फोटो भिंगाखाली धरून सांगतो, की बंपरला पडलेला खड्डा अपघाताचा आहे की घरातल्या भांडणाचा. एका गृहस्थाने मेहुण्याच्या गाडीचा फोटो स्वतःची गाडी म्हणून पाठवला होता, तर याने आरशात दिसणाऱ्या कुत्र्यावरून त्याला पकडलं. (गृहस्थाकडे कुत्रा नव्हता. मेहुण्याकडे होता.) तेव्हापासून ऑफिसात त्याला सगळे भिंग म्हणतात, आणि खोटा फोटो त्याच्या नजरेतून सुटत नाही असं सगळे मानतात. सगळ्यात जास्त तो स्वतः मानतो.

घरी दोनच माणसं. तो आणि बायको. बायको शाळेत गणित शिकवते. वर्गात तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो आणि घरी भिंगपर्यंत. पण अलीकडे वर्षभरात तिच्यात फार चांगला बदल झाला होता, असं भिंगचं मत होतं. पूर्वी ओला टॉवेल पलंगावर टाकला की ती पहिल्या टॉवेलापासून सुरुवात करून लग्नाच्या वर्षापर्यंत मागे जायची. आता चार वाक्यं झाली की थांबायची, खुर्चीवर बसायची आणि म्हणायची, "जाऊ दे." भिंग ऑफिसात दाढीला सांगायचा, "माझी बायको आता समजूतदार झाली." दाढी म्हणजे शेजारच्या टेबलावरचा त्याचा मित्र. त्याला दाढी आहे, बायकोही आहे, आणि ती अजून समजूतदार झालेली नाही. तो उसासा टाकायचा.

तर झालं असं, की कंपनीच्या वरच्या मजल्यावर कोणाच्या तरी मनात आलं, कर्मचारी फार आजारी पडतात. म्हणून 'निरोगी कर्मचारी' नावाची योजना निघाली. सगळ्यांना चपला काढून वजनकाट्यावर उभं केलं. भिंगने चपला, घड्याळ, पाकीट, किल्ल्या आणि शेवटी चष्माही काढला, तरी काटा काही मनासारखा थांबेना. मग ज्यांचे काटे जास्त पुढे गेले होते त्यांना एकेक करून आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवण्यात आलं. बाई आठवड्यातून दोनदा यायच्या आणि स्टेशनरीची खोली रिकामी करून त्यांना दिली होती. अजूनही तिथे डिंकाचा वास होता.

भिंग आत गेला तो मनाशी ठरवून, की काहीही सोडणार नाही. त्याने डाएटिशियन म्हणजे काय ते दाढीकडून ऐकलं होतं. दाढीच्या भावाला एका डाएटिशियनने म्हणे उकडलेल्या दुधीवर ठेवलं होतं. पण या बाई तशा निघाल्या नाहीत. वयाने पन्नाशीच्या आतबाहेर, चष्मा डोक्यावर ढकललेला, आणि आवाज शेजारी कोणीतरी झोपलं असावं इतका हळू.

"मी काही बंद करणार नाही," त्या म्हणाल्या.

भिंग खुर्चीत जरा सैल झाला.

"फक्त बघणार. रोज रात्री जेवायला बसलात की पहिला घास घेण्याआधी ताटाचा फोटो काढायचा आणि मला पाठवायचा. काय खाताय ते आधी कळू दे. मग बोलू."

"फोटो?" भिंग म्हणाला.

"तुमच्या तर रोजच्या सवयीतलं आहे," बाई म्हणाल्या.

त्या रात्री भिंग जेवायला बसला. समोर भाताचा ढीग, त्याला टेकून तळलेले बटाटे, लोणी लावलेला पाव, पलीकडे केकचा तुकडा (छोटाच, मोठा संपला होता). त्याने फोन उचलला, नेम धरला आणि इतक्या वर्षांचा दावे तपासणारा माणूस त्याच्या आत जागा झाला. हे प्रकरण मंजूर होणार नाही, हे त्याला स्पष्ट दिसलं.

तेवढ्यात त्याची नजर टेबलापलीकडे गेली. बायकोचं ताट. दोन चमचे भात, थोडीशी भाजी, काकडीच्या दोन चकत्या. आहारतज्ज्ञांनी चौकटीत लावून भिंतीवर टांगावं असं ताट. ती कायम असंच जेवायची. आधी याला वाढायची, मग "आणखी थोडं" म्हणून याचं ताट परत यायचं, आणि मग भांड्यात उरेल ते स्वतःला घ्यायची. "मला कुठे जास्त लागतं," असं म्हणायची. भिंगने ते कधी तपासलं नव्हतं.

तो टेबलावरून वाकला आणि फोटो काढला.

"माझ्या ताटाचा कशाला?" बायकोने विचारलं.

"ऑफिसचं काम आहे," भिंग म्हणाला. या घरात 'ऑफिसचं काम' म्हटलं की पुढे कोणी विचारत नसे. फोटो गेला. भिंग निर्धास्तपणे बटाट्यांकडे वळला.

सकाळी बाईंचं उत्तर आलं होतं. 'ताट चांगलं आहे. पण कमी वाटतं. एवढं पुरतं का तुम्हाला?'

भिंगने ते तीनदा वाचलं. पुरतं का, असं त्याला जन्मात कोणी विचारलं नव्हतं. लहानपणी आईसुद्धा 'पुरे कर' असंच म्हणायची. त्याने दाढीला दाखवलं.

"तुझं ताट कमी वाटतं असं म्हणतात त्या?" दाढी म्हणाला. "तू त्यांना नक्की काय पाठवलंस?"

"ताट," भिंग म्हणाला. खोटं काय होतं त्यात? ताटच पाठवलं होतं.

रोजचा परिपाठ सुरू झाला. पहिला घास घेण्याआधी तो टेबलावरून वाकायचा, बायकोच्या ताटाचा फोटो काढायचा, ऑफिसचं काम म्हणायचा आणि आपल्या ताटावर तुटून पडायचा. पुढच्या भेटीत बाईंनी त्याला पुन्हा काट्यावर उभं केलं. काटा आणखी पुढे गेला होता.

"इतकं कमी खाऊन?" बाई म्हणाल्या.

"शरीरच तसं आहे, मॅडम," भिंग म्हणाला. "पाणी प्यायलं तरी अंगाला लागतं."

बाईंनी मान हलवली. "मग आपण ताट जरा वाढवू."

भिंगला वाटलं, आपण ऐकण्यात चूक केली. पण बाई खरंच तसं म्हणत होत्या.

"उद्यापासून या ताटात एक उकडलेलं अंडं दिसलं पाहिजे. पालेभाजी रोज. तिच्यावर लिंबू पिळायचं, म्हणजे तिच्यातलं लोह अंगी लागतं. डाळ किंवा कडधान्य काहीतरी एक. आणि फोटोत कोपऱ्यात कप दिसतो. चहा आहे का?"

भिंगने विचार केला. बायको जेवणाबरोबर चहा घ्यायची, हे खरं. "असेल," तो म्हणाला.

"जेवताना नको. तासाभराने घ्या. चहाने सगळं फुकट जातं."

भिंग तरंगतच बाहेर आला. ज्या बाई बटाटे बंद करतील म्हणून धास्ती होती त्या उलट अंडं खा म्हणत होत्या. घरी पोचेपर्यंत त्याने दोन अंडी खायचं ठरवलं होतं. पण अंडी उकडून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की अंडं त्याच्या ताटात दिसून उपयोग नाही. फोटो दुसऱ्या ताटाचा जातो. अंडं तिकडे दिसलं पाहिजे.

काही हरकत नाही, भिंगने विचार केला. तिकडे ठेवू, फोटो काढू, परत उचलू. त्याने अंडं बायकोच्या ताटात ठेवलं, फोटो काढला आणि हात पुढे केला.

"माझ्यासाठी उकडलंत?" बायको म्हणाली.

हात हवेतच राहिला. बायकोच्या डोळ्यांत असं काही होतं जे त्याने बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. हात परत रिकामा कसा घ्यायचा? त्याने मिठाची बाटली पुढे सरकवली.

"हो," तो म्हणाला. "मीठ घे."

पहिल्या खोट्याला काही खर्च नव्हता. या दुसऱ्याला रोज एक अंडं लागायला लागलं.

आणि नुसतं अंडं असतं तर ठीक. पालेभाजी दिसायला हवी, म्हणजे आणायला हवी, निवडायला हवी, धुवायला हवी. भिंगला आजवर पालेभाजी ताटात येते एवढंच ठाऊक होतं. ती मुळांसकट आणि मातीसकट घरी येते हे नव्हतं. पहिल्या दिवशी बायको म्हणाली, "आज भाजी छान झाली आहे, फक्त जरा करकरते आहे." लिंबू पिळताना निम्मा रस डोळ्यात गेला. कडधान्य भिजवायचं असतं हे त्याला आदल्या दिवशी आठवत नसे आणि त्या दिवशी आठवून चालत नसे. जेवताना तिच्यासमोरचा चहाचा कप तो उचलायचा आणि "आता नको, तासाभराने," असं म्हणून वाया जाऊ नये म्हणून स्वतः प्यायचा. आणि बायकोचं ताट भरलेलं दिसायला हवं, तर स्वयंपाक जास्त करणं आलं, नाहीतर स्वतःच्या ताटातून तिकडे देणं आलं. त्याने दोन्ही करून पाहिलं. दुसरं फार जिवावर यायचं.

बायकोने हे शाळेत सांगितलं. शाळेतून इमारतीत आलं. एके दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकांनी भिंगला जिन्यात गाठलं.

"तुम्ही म्हणे बायकोला रोज अंडं उकडून देता?"

"हो, म्हणजे..."

"आणि भाजी निवडता?"

"तसं थोडंफार."

"हे थांबवा," काका कळवळून म्हणाले. "आमच्या घरात परवापासून तुमचंच नाव चाललं आहे. या वयात मला मेथी कुठली आणि चाकवत कुठला हे शिकायला लावू नका."

लबाडी करावी आणि गावाने आदर्श पती म्हणावं, याला काय म्हणतात कोण जाणे. रात्री बायको ताटातलं सगळं संपवायची आणि त्याच्याकडे बघून हसायची. तो ते हसू पाहून खाली बघायचा आणि बटाटे मोजायचा. पूर्वीसारखे लागत नव्हते.

पुढच्या भेटीत बाईंनी दार लावून घेतलं. चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर आणला.

"ताट सुधारलं आहे," त्या म्हणाल्या. "पण मला काळजी आहे ती आधीची. इतके दिवस असं जेवण असेल तर अंगात रक्त कमी झालं असणार. मी विचारते त्याची उत्तरं द्या. जिना चढताना दम लागतो का?"

"लागतो," भिंग म्हणाला. (त्याच्या वजनाला लागणारच.)

"मध्येच थांबावं लागतं?"

"नाही, तेवढं नाही." त्याला आठवलं, बायको थांबते. दुसऱ्या मजल्यावर पिशवीत किल्ली शोधत उभी राहते. तिसऱ्या मजल्यावरच्या घराची किल्ली दुसऱ्यावर कशाला शोधते, म्हणून तो तिला चिडवायचाही.

"बोलता बोलता थकायला होतं? वाक्य अर्धवट सोडावंसं वाटतं?"

भिंगला ते 'जाऊ दे' आठवलं.

"हातपाय गार पडतात? केस गळतात?"

न्हाणीघराच्या जाळीत अडकलेले केस भिंगच रोज काढायचा, आणि जाळीवाल्याला शिव्या द्यायचा. त्याच्या स्वतःच्या डोक्यावर गळण्यासारखं आता फारसं उरलेलं नव्हतं.

"आणि एक विचित्र प्रश्न आहे, पण विचारते. बर्फ खावासा वाटतो का? नुसता, कडाकडा चावून?"

भिंग खुर्चीतून अर्धवट उठला. दोन महिने घरातल्या फ्रिजमधला बर्फाचा ट्रे रिकामा असायचा. बर्फ होतच नाही म्हणून त्याने दुरुस्तीवाल्याला दोनदा बोलावलं होतं. दुरुस्तीवाला फ्रिज उघडून, बंद करून म्हणाला होता, "साहेब, फ्रिजला काही झालेलं नाही." भिंग त्याच्याशी भांडला होता.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही," भिंग म्हणाला. "उद्या सांगतो."

त्या दिवशी तो वेळेआधी घरी आला. बायको स्वयंपाकघरात स्टुलावर बसून कांदा चिरत होती. पूर्वी ती उभ्याने चिरायची. स्टूल कधी आलं ते याला आठवेना. तोंडात काहीतरी होतं. कडकन आवाज झाला.

"काय खातेस?"

"काही नाही," ती म्हणाली, आणि गिळलं.

भिंगने ऑफिसच्या पिशवीतून भिंग काढलं. "हात दाखव."

"आता हे काय?"

"दाखव म्हणतो ना."

त्याने तिची नखं पाहिली. पांढरट आणि पातळ. तिची खालची पापणी ओढून पाहिली. गाडीवरचा केसाएवढा ओरखडा ज्याला दिसतो, त्याला रोज समोर बसून जेवणाऱ्या बाईचा उतरलेला रंग दिसला नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्याला स्वतःची शरम वाटली, आणि शरमेपेक्षा जास्त भीती वाटली. या घरातून ही उठून गेली तर उरलं काय?

"कधीपासून दम लागतो तुला?"

बायकोने सुरी खाली ठेवली. "वर्ष झालं असेल. म्हटलं, वय झालं."

"मला सांगायचं नाही?"

"सांगायला लागायचे," ती म्हणाली. "पण मध्येच दमायला व्हायचं. मग जाऊ दे म्हणायचे."

भिंग स्टुलाशेजारी जमिनीवर बसला. समजूतदार झाली, असं त्याने सगळ्या ऑफिसला सांगितलं होतं. मग त्याने सगळं सांगून टाकलं. फोटो, ताट, अंडं, मीठ. बायको ऐकत होती. ऐकता ऐकता तिचा चेहरा दोनदा बदलला.

"म्हणजे अंडं माझ्यासाठी नव्हतं," ती शेवटी म्हणाली.

"पहिलं नव्हतं," भिंग म्हणाला. "बाकीची... मलाच कळेना कोणासाठी ती."

"खाल्ली मात्र मी," ती म्हणाली. आणि डोळे पुसत हसली, किंवा कांदा असेल. "मूर्खच आहात तुम्ही." एवढं बोलून तिने दम घेतला.

दुसऱ्या दिवशी डिंकाच्या वासाच्या खोलीत भिंग खाली मान घालून उभा राहिला. नोकरीत ज्या गुन्ह्यासाठी तो लोकांचे दावे फेटाळतो तोच त्याने केला होता. दाराबाहेर दाढी उगाचच पाणी पीत उभा आहे हेही त्याला दिसत होतं.

"मॅडम, ते ताट माझं नाही."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या.

"माहीत आहे?"

"दुसऱ्या दिवसापासून. चमचा कायम ताटाच्या पलीकडच्या बाजूला असतो. म्हणजे जेवणारं माणूस समोर बसलेलं आहे आणि फोटो अलीकडून काढला आहे. शिवाय खालच्या कडेला रोज बटाट्यांचा डोंगर येतो."

भिंग खुर्चीवर बसला. फोटोच्या कडा आधी बघाव्यात, हे नव्या लोकांना ऑफिसात तोच शिकवतो.

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर काय केलं असतंत? दुसऱ्या दिवशी निमूट स्वतःच्या ताटाचा फोटो पाठवला असता. मग ते दुसरं ताट मला परत कधी दिसलं असतं?" बाईंचा आवाज नेहमीइतकाच हळू होता. "योजना फक्त कर्मचाऱ्यांसाठी आहे. घरच्या माणसांना तपासायची मला परवानगी नाही. पण कर्मचाऱ्याने स्वतःचं म्हणून एखादं ताट पाठवलं, तर त्यात काय वाढायचं हे सांगायला मी मोकळी आहे. तुम्ही पाठवत राहिलात, मी वाढत राहिले."

"आणि ते प्रश्न? दम, केस, बर्फ?"

"ते तुम्हाला नव्हतेच," बाई म्हणाल्या. "ते घरी न्यायला दिले होते. आता माझं ताटापुरतं काम झालं. नुसत्या पालेभाजीने हे भरून यायचं नाही. त्यांना आजच डॉक्टरकडे न्या, रक्त तपासा. योजनेत बसत नसेल तर मी वरच्या मजल्यावर बोलते."

भिंगला बोलायचं होतं बरंच काही. तोंडातून निघालं एवढंच, "मॅडम, तुम्ही आमच्या खात्यात हव्या होतात."

बायकोचं रक्त तपासलं. जेवढं हवं त्याच्या निम्म्यावर आलं होतं. डॉक्टर भिंगकडे बघून म्हणाले, असंच चाललं असतं तर एक दिवस वर्गातच पडल्या असत्या. त्यांनी आणखी तपासण्या केल्या, कारण शोधलं, त्याच्यावर उपाय केला, लोहाच्या गोळ्या दिल्या. तपासण्यांचे निकाल येईपर्यंत भिंग दवाखान्याच्या बाकावर बसून राहायचा आणि समोरच्या भिंतीवरच्या आकृतीतली आतडी मोजायचा. त्या दिवसांत त्याला तळलेले बटाटे आठवलेसुद्धा नाहीत. घाबरण्यासारखं आणखी काही निघालं नाही, हे कळलं तेव्हा तो डॉक्टरांच्या पाया पडायला निघाला आणि बायकोने त्याला कॉलरला धरून उभं केलं. तिच्या हातात तेवढा जोर आला होता.

बाईंनी बोलल्याप्रमाणे वरच्या मजल्यावर बोलून दाखवलं. घरातल्या माणसांनाही योजनेत घेतलं गेलं. पहिल्याच आठवड्यात दाढीची बायको आली, कोणाचा चुलता आला, कोणाची सासू आली. डिंकाच्या खोलीबाहेर बाक टाकावं लागलं. बाई आठवड्यातून चारदा येऊ लागल्या. भिंग अंडी उकडतच राहिला. फोटो काढायचं आता काहीच कारण नव्हतं, पण रोज संध्याकाळी त्याचे हात आपोआप पातेल्याकडे जायचे. भाजीही आता करकरत नसे.

काही महिन्यांनी रक्त ठीक झालं. निकाल हातात पडला त्याच दिवशी भिंग बायकोला घेऊन बाईंचे आभार मानायला गेला. आहारतज्ज्ञ बाईंसाठी भेट म्हणून त्याने केक नेला होता. (त्याला दुसरं काही सुचलं नाही. आनंदाच्या वेळी माणसाचं मूळ बाहेर येतं.) आणि त्याने भाषण केलं. आरशासमोर दोनदा केलेलं. आपण कसे आंधळे होतो, बाई कशा देवासारख्या भेटल्या, फोटो खोटा होता पण ताट खरं होतं, आणि हे घर आज जे उभं आहे ते एका चमच्यावरून उभं आहे, वगैरे. शेवटी त्याचा आवाज फुटला. बायकोने रुमाल दिला. बाईंचेही डोळे जरा ओले झाले होते. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"मला खरंच फार बरं वाटलं," त्या म्हणाल्या. "एवढं मनापासून कोणी बोलत नाही." मग त्यांनी काट्याकडे बोट केलं. "चला, आता तुमचं सुरू करू."

"माझं?" भिंग म्हणाला.

"योजनेत तुमचं नाव पहिल्या दिवसापासून आहे. बाकी सगळ्यांचं उरकत आलं. तुमच्या ताटाचा एकही फोटो माझ्याकडे अजून आलेला नाही. रात्री साधारण काय खाता?"

भिंगने घसा साफ केला. "तसं फार काही नाही, मॅडम. थोडा भात..."

"मी सांगते," बायको म्हणाली.

ती खुर्चीत पुढे सरकून बसली आणि तिने सुरुवात केली. भाताचा ढीग, मग त्याच्यावर परत घेतलेला भात, बटाटे, बटाट्यांखाली लपवलेले बटाटे, दोन्ही बाजूंनी लोणी लावलेला पाव, छोटा केक, 'छोटा होता' म्हणून घेतलेला आणखी एक, तिचा वाया जाऊ नये म्हणून प्यायलेला चहा, आणि झोपायला जाताना फ्रिजचं दार उघडून नुसतं बघायला म्हणून उभं राहून खाल्लेलं सगळं. खणखणीत आवाजात, ओळीने, गणिताची मांडणी करावी तसं. दाराबाहेरच्या बाकावरची माणसं बोलायची थांबली होती.

भिंग तिच्याकडे बघत राहिला. गालांवर रंग होता. ती कुठे थांबत नव्हती, कुठे दम घेत नव्हती, वाक्यामागून वाक्य येत होतं आणि पुढच्यासाठी श्वास शिल्लक होता. वर्ष-दीड वर्षात त्याने तिला इतकं सलग बोलताना ऐकलं नव्हतं. त्याला आनंदाने इतकं भरून आलं, की ती नेमकं काय सांगते आहे हे त्याच्या जरा उशिराच लक्षात आलं.

तोवर ती सकाळच्या नाश्त्यापर्यंत पोचली होती.